गोळ्या लोहाच्या, तुटवडा अक्षरांचा: जीवनसत्त्वं कमी पडली की रक्त का घटतं?

तीन महिने लोहाच्या गोळ्या घेऊन झाल्या. शौचाचा रंग काळा झाला, पोट साफ होईना, जिभेवर सदानकदा लोखंडी चव. एवढं सोसूनही हिमोग्लोबिन ९.२ वर ठाण मांडून बसलेलं. "माझ्या अंगाला औषधच लागत नाही बघ," म्हणत ओळखीतल्या एका काकूंनी रिपोर्ट माझ्यापुढे सरकवला. हिमोग्लोबिनच्या आकड्याभोवती लाल पेनानं गोल काढलेला होता. त्याच्या तीन ओळी खाली 'एमसीव्ही ११४' असं छापलेलं होतं. त्या आकड्याकडे तीन महिन्यांत कुणाचंच लक्ष गेलं नव्हतं.

रक्त कमी म्हणजे लोह कमी, हे समीकरण डोक्यात इतकं घट्ट बसलंय की पुढचा प्रश्न कुणी विचारतच नाही. समीकरण अगदीच खोटं नाही. जगभरात ॲनिमियाचं सगळ्यात मोठं कारण लोहाची कमतरता हेच आहे. पण ते एकमेव नाही. बी-१२ किंवा फोलेट ही जीवनसत्त्वं कमी पडून होणारा ॲनिमिया लोहाच्या ॲनिमियापेक्षा इतका वेगळा आहे की दोघांना एकच नाव देऊन आपण घोटाळा वाढवून ठेवलाय, असं माझं मत.

## डबे भरणं आणि डबे बनवणं

"अंगात रक्त नाही" असं आपण म्हणतो, पण ॲनिमियात रक्त लिटरच्या हिशेबात सहसा घटलेलं नसतं. घटलेलं असतं ते हिमोग्लोबिन, म्हणजे फुप्फुसातून प्राणवायू उचलून शरीरभर पोचवणारं प्रथिन. ते तांबड्या पेशींमध्ये ठासून भरलेलं असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापानुसार एक डेसिलिटर रक्तात ते पुरुषांत १३ आणि गरोदर नसलेल्या स्त्रियांत १२ ग्रॅमच्या खाली गेलं की ॲनिमिया.

तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. म्हणजे जुन्या सतत मोडीत निघतात आणि तेवढ्याच नव्या कराव्या लागतात. हे काम हाडांच्या पोकळीतल्या मऊ गराचं, म्हणजे अस्थिमज्जेचं. तिचा वेग ऐकून छाती दडपते: सेकंदाला सुमारे २० लाख पेशी. हा परिच्छेद वाचून होईतो काही कोटी नव्या पेशी तुमच्या रक्तात दाखल झाल्या असतील.

आता हा कारखाना डब्यांचा आहे असं समजा. त्याला दोन वेगळी कामं करावी लागतात. एक, डबे बनवायचे. दोन, ते हिमोग्लोबिननं भरायचे. लोह लागतं ते भरायच्या कामाला. लोह कमी पडलं तर डबे अर्धवट भरलेले, छोटे आणि फिकट निघतात. बी-१२ आणि फोलेट लागतात ते डबे बनवायच्या कामाला, म्हणजे एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार करायला. ही जीवनसत्त्वं कमी पडली तर माल भरपूर पडून असतो, डबेच मोजके असतात. जे निघतात ते फुगलेले, मोठाले.

एमसीव्ही म्हणजे या डब्यांचा सरासरी आकार. ८० ते १०० हे त्याचं नेहमीचं माप. ८० च्या खाली गेला तर आधी लोहाकडे बघायचं. १०० च्या वर गेला तर बी-१२ आणि फोलेटकडे. दारू, थायरॉइड, यकृताचे आजार आणि काही औषधांनीही पेशी मोठ्या होतात, हे खरं. पण ११४ हा आकडा समोर असताना नुसतं लोह देत राहणं म्हणजे डब्यांचा तुटवडा असलेल्या कारखान्यात आणखी माल आणून टाकणं.

## खिळे संपलेला छापखाना

पेशी मोठी का होते? इथे थोडं आत शिरावं लागेल, पण या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट इथेच आहे.

पेशीचे दोन व्हायचे तर आधी तिच्यातल्या डीएनएची, म्हणजे आनुवंशिक मजकुराची, संपूर्ण नक्कल व्हावी लागते. हा मजकूर चारच अक्षरांत लिहिलेला आहे: ए, टी, जी, सी. आणि तो छोटा नाही. एका पेशीत सुमारे ६०० कोटी अक्षरं, त्यातली तीन दशांशाच्या आसपास 'टी'. (या 'टी'चं पूर्ण नाव थायमिन. बी-१ या जीवनसत्त्वालाही मराठीत थायमिनच लिहितात. दोघांचा काही संबंध नाही, उगाच गोंधळ नको.)

आता जुन्या पद्धतीचा छापखाना आठवा, जिथे शिशाचे खिळे एकेक करून जुळवत. 'टी'चा खिळा तयार मिळत नाही. शरीरात 'यू' नावाचं एक अक्षर असतं, त्याच्यावर एक टिंब दिलं की 'टी' होतो. हे टिंब म्हणजे एका कार्बनचा छोटा तुकडा, आणि तो आणून द्यायचं काम फोलेटचं. फोलेट नाही, तर टिंब नाही. टिंब नाही, तर 'टी' नाही.

कंपोझिटर थांबत नाही, तो 'टी'च्या जागी बिनटिंबाचा 'यू' बसवून पुढे जातो. प्रूफ तपासणारा चूक पकडतो, 'यू' कापून काढतो. बदली खिळा मागायला जावं तर पेटीत पुन्हा 'यू'च. पुन्हा बसवा, पुन्हा कापा. अशी इतकी काटछाट होते की शेवटी कागदच जागोजागी फाटतो. डीएनएचे तसेच तुकडे पडतात.

पेशीचा बाकीचा भाग मात्र या भानगडीपासून अलिप्त असतो. प्रथिनं बनतायत, हिमोग्लोबिन भरलं जातंय, पेशी वाढतेय. फक्त विभागणीचा हुकूम निघत नाही, कारण नक्कल पुरी झालेली नाही. म्हणून ती नुसती फुगत जाते. अशा बहुतेक पेशी अस्थिमज्जेतच मरतात, रक्तापर्यंत पोचतही नाहीत. कारखाना रात्रंदिवस चालू, आणि दारातून बाहेर पडणारा माल नगण्य. मेलेल्या पेशींतलं हिमोग्लोबिन मोडून पिवळं रंगद्रव्य तयार होतं. त्यामुळे या रुग्णांचा फिकटपणा पांढुरका नसतो, लिंबासारखी पिवळट झाक असते. आयुर्वेदातला 'पांडु' हा शब्दही फिकट-पिवळ्या रंगाचाच. जुन्या वैद्यांनी रंग नेमका टिपला होता.

रक्ताचा एक थेंब काचेवर पसरून रंगवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर हे सगळं डोळ्यांना दिसतं. निरोगी तांबडी पेशी शेजारच्या लहान लिंफोसाइटच्या (ही एक पांढरी पेशी) केंद्रकाएवढी असते, तीच पाहणाऱ्याची फूटपट्टी. इथे ती केंद्रकापेक्षा सरळ मोठी, आणि गोल असायची ती लंबगोल. पांढऱ्या पेशींतही खूण सापडते. न्यूट्रोफिल नावाच्या पेशीच्या केंद्रकाला एरवी तीन-चार पाकळ्या असतात, इथे पाच, सहा, कधी त्याहून जास्त. कारण अक्षरांचा तुटवडा काही फक्त तांबड्या पेशींपुरता नसतो. जिथे जिथे पेशी भराभर विभागतात तिथे तो जाणवतो. जीभ गुळगुळीत, लाल आणि झोंबरी होते ती त्यामुळेच.

## फोलेटचं समजलं, मग बी-१२ मध्येच कुठून आलं?

फोलेट हा टिंबं वाहून नेणारा हमाल समजा. त्याच्या डोक्यावर वेगवेगळी ओझी चढतात. त्यातलं एक ओझं, मिथाइल नावाचं, असं आहे की ते एकदा चढलं की हमालाला स्वतःचं स्वतः उतरवता येत नाही. उतरवून घ्यायला बी-१२ लागतं, दुसरं कुणी ते करू शकत नाही.

बी-१२ नसलं की एकेक हमाल ओझं डोक्यावर घेऊन ताटकळत उभा राहतो. दिवसागणिक अडकलेल्यांची संख्या वाढते. मोजायला गेलात तर फोलेट भरपूर, कधी कधी नेहमीपेक्षा जास्तच. पण रिकाम्या डोक्याचा, कामाला लावता येईल असा एकही नाही. परिणाम तोच: टिंब नाही, 'टी' नाही, नक्कल नाही. म्हणून बी-१२ च्या आणि फोलेटच्या कमतरतेतलं रक्त काचेवर हुबेहूब सारखं दिसतं. नुसतं रक्त पाहून दोघांतला फरक कुणालाही सांगता येत नाही.

## कुत्री, यकृत आणि एक भाग्यवान चूक

हे कोडं सुटलं कसं, त्याची कथा मोठी गमतीची आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला 'पर्निशियस ॲनिमिया', म्हणजे घातक रक्तक्षय, झाला की माणूस वाचत नसे. जॉर्ज व्हिपल या अमेरिकी संशोधकानं कुत्र्यांचं रक्त काढून त्यांना ॲनिमिक केलं आणि कोणत्या खाण्यानं ती लवकर सावरतात ते पाहिलं. यकृत पहिलं आलं. ते ऐकून जॉर्ज मायनट आणि विल्यम मर्फी यांनी आपल्या रुग्णांना रोज भरपूर यकृत खायला घातलं, आणि १९२६ साली ४५ रुग्ण सुधारल्याचं जाहीर केलं. तिघांना १९३४ चं नोबेल मिळालं.

मजा अशी की कुत्र्यांचा आजार वेगळाच होता. रक्त काढल्यामुळे त्यांचं लोह गेलं होतं, आणि यकृतातल्या लोहानं ती बरी झाली. माणसांना बरं केलं ते यकृतातल्या बी-१२ नं. दोन निराळे आजार, आणि दोन्हीचं औषध नेमकं एकाच पदार्थात! रक्त कमी म्हणजे सगळं सारखंच, या समजुतीनं इतिहासात एकदा तरी फायदा करून दिलाय, तो हा.

फोलेटची गोष्ट मुंबईतली. ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर १९२८ च्या सुमारास तिथे आली. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांना मोठ्या पेशींचा ॲनिमिया होत होता. दिसायला घातक रक्तक्षयासारखा, पण त्यावर चालणारा शुद्ध केलेला यकृताचा अर्क इथे चालेना. चाललं ते यीस्टपासून बनवलेलं, पावाला लावायचं मार्माइट. १९३१ साली तिनं ते प्रसिद्ध केलं. त्यात नेमकं काय होतं, हे कळायला आणखी दहाएक वर्षं गेली. ते होतं फोलेट. पुढे ते पालकाच्या पानांतून वेगळं केलं गेलं, म्हणून लॅटिनमधल्या 'फोलियम', म्हणजे 'पान', या शब्दावरून नाव पडलं. बी-१२ हाती लागलं ते १९४८ मध्ये.

## "पण मी तर सगळं खातो!"

बी-१२ प्राणी बनवत नाहीत आणि वनस्पतीही बनवत नाहीत. ते बनवतात फक्त जिवाणू. प्राण्यांच्या मांसात, अंड्यांत, दुधात ते साठतं, आणि तिथून आपल्याला मिळतं. त्यामुळे प्राणिज काहीच न खाणाऱ्यांना ते बाहेरून घ्यावंच लागतं. काही शेवाळांत बी-१२ असल्याची जाहिरात होते. स्पिरुलिनात बहुतांश त्याचा तोतया असतो, दिसायला तसाच, शरीराला निरुपयोगी.

पण भरपूर मांसाहार करणाऱ्यांचंही बी-१२ घटतं, आणि तिथे दोष ताटाचा नसतो, पोटाचा असतो. हे विल्यम कॅसल या डॉक्टरनं ज्या पद्धतीनं सिद्ध केलं ती जेवताना वाचू नये. त्यानं स्वतः ३०० ग्रॅम खिमा खाल्ला, तासाभरानं ओकून काढला, आणि तो नळीवाटे घातक रक्तक्षयाच्या रुग्णांच्या पोटात सोडला. रुग्ण सुधारू लागले. नुसता खिमा दिलेले सुधारले नव्हते. म्हणजे निरोगी जठरात असं काहीतरी पाझरतं जे या रुग्णांत नाही. कॅसलनं हे १९२९ मध्ये मांडलं. त्या पदार्थाला आज इंट्रिन्सिक फॅक्टर म्हणतात.

प्रवास असा: जठरातलं आम्ल अन्नापासून बी-१२ मोकळं करतं. मग जठरातूनच पाझरलेला इंट्रिन्सिक फॅक्टर लहान आतड्यात त्याचा हात धरतो, आणि आतड्याच्या अगदी शेवटच्या टप्प्यावर ही जोडी आत घेतली जाते. यातला कुठलाही दुवा तुटला की ताटातलं बी-१२ वाया. घातक रक्तक्षयात शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच इंट्रिन्सिक फॅक्टर बनवणाऱ्या पेशींवर उठते. वयानुसार आम्ल कमी होतं. ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्यानंही तेच. मधुमेहावरचं मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांत बी-१२ उतरतं. वजन घटवण्यासाठी जठराची शस्त्रक्रिया झालेल्यांना तर ते कायम बाहेरून द्यावं लागतं.

यात चकवा देणारी गोष्ट म्हणजे वेळ. दिवसाची गरज जेमतेम २.४ मायक्रोग्रॅम, आणि यकृतात मुख्यतः साठून असलेला साठा २ ते ५ मिलिग्रॅम. म्हणून पुरवठा बंद झाला तरी आजार उगवायला तीन-पाच वर्षं लागू शकतात. तोवर शस्त्रक्रिया विसरलेली असते, आहार बदलल्याचंही आठवत नसतं. फोलेटची शिल्लक मात्र काही महिन्यांचीच. व्हिक्टर हर्बर्ट या डॉक्टरनं स्वतःवरच प्रयोग केला, पुन्हा पुन्हा उकळून पाणी टाकून दिलेलं फोलेटविरहित अन्न खात राहिला. साडेचार महिन्यांच्या आसपास मोठ्या पेशींचा ॲनिमिया दाखल. भाजी उकळून पाणी ओतून देण्याची सवय असेल तर ती किती महागात पडते, हेही त्यातून कळलं.

## "मग सरसकट फोलिक ॲसिड घेतलं तर काय बिघडलं?"

इथे सावध. बी-१२ कमी असलेल्याला नुसतं फोलिक ॲसिड, म्हणजे गोळीतलं फोलेट, दिलं तर काय होतं? रिकाम्या डोक्याचे नवे हमाल येतात, टिंबं पोचू लागतात, रक्त सुधारतं. रिपोर्ट बघून सगळे खूश. पण बी-१२ चं काम फक्त ओझं उतरवण्याचं नाही, मज्जातंतूंवरचं वेष्टन राखायलाही ते लागतं, आणि त्या कामात फोलिक ॲसिडची काडीची मदत होत नाही. रक्त सुधारत असताना तळपायांना मुंग्या येतात, पायाखाली कापूस असल्यासारखं वाटतं, डोळे मिटून चेहरा धुताना तोल जातो. हे नुकसान उशिरा लक्षात आलं तर पूर्ण भरून येत नाही. म्हणून मोठ्या पेशींचा ॲनिमिया दिसला की आधी बी-१२ तपासायचं, आणि ते कमी असेल तर फोलिक ॲसिडच्या आधी ते सुरू करायचं.

गरोदरपणाआधी आणि पहिल्या तीन महिन्यांत दिलं जाणारं रोजचं ४०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड हा वेगळा मुद्दा आहे. बाळाच्या मज्जारज्जूतले दोष त्यानं बरेचसे टळतात. ते या परिच्छेदाच्या धास्तीनं बंद करू नये.

## "माझं हिमोग्लोबिन चांगलं आहे, एमसीव्ही ८८. सुटलो ना?"

नेहमीच नाही. लोह आणि बी-१२ दोन्ही कमी असले तर एक पेशीला लहान करतं, दुसरं मोठं, आणि सरासरी निघते अगदी साळसूद ८८. एक पाय बर्फात आणि एक निखाऱ्यावर असलेल्या माणसाचं सरासरी तापमान काढावं तसं. अशा वेळी रिपोर्टातला आरडीडब्ल्यू, म्हणजे पेशींच्या आकारात किती तफावत आहे ते सांगणारा आकडा, बहुतेकदा वाढलेला असतो. लोह दिल्यावर हिमोग्लोबिन थोडं चढून मध्येच अडतं, तेव्हाही हीच शंका घ्यावी.

दुसरं म्हणजे, बी-१२ ची कमतरता रक्ताला धक्का न लावताही मज्जातंतू बिघडवू शकते. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बी-१२ च्या कमतरतेमुळे मज्जासंस्थेच्या किंवा मानसिक तक्रारी असलेल्या १४१ रुग्णांपैकी ४० जणांना ॲनिमियाही नव्हता आणि पेशीही मोठ्या झालेल्या नव्हत्या. त्यामुळे मुंग्या, विसराळूपणा, तोल जाणं असं काही असेल तर हिमोग्लोबिन १४ आहे म्हणून बी-१२ ची तपासणी टाळू नये.

बाकीची जीवनसत्त्वं या नाटकात दुय्यम भूमिकेत आहेत. क जीवनसत्त्व अन्नातलं लोह आतड्यात शोषायला मदत करतं, अ जीवनसत्त्व साठ्यातलं लोह बाहेर काढायला. बी-६ हिमोग्लोबिनमधल्या 'हीम' या भागाच्या जुळणीची पहिली पायरी चालवतं. ही कमी पडली तर पेशी सहसा मोठ्या होत नाहीत, उलट बहुधा लोह कमी असल्यासारखंच चित्र दिसतं.

## गोळी की इंजेक्शन?

बी-१२ चं इंजेक्शन लालभडक असतं, त्यामुळे रक्तच टोचतायत की काय असं वाटतं. त्या लालीचा लोहाशी संबंध नाही. बी-१२ च्या रेणूच्या मधोमध कोबाल्टचा अणू असतो, रंग त्याच्या भोवतीच्या रचनेचा.

पोट शोषू शकत नसेल तर इंजेक्शनच हवं, असं पूर्वी ठाम मानत. पण इंट्रिन्सिक फॅक्टरशिवायही तोंडानं घेतलेल्या डोसातला सुमारे एक टक्का आपसूक झिरपतो. १००० मायक्रोग्रॅमच्या गोळीतला एक टक्का म्हणजे १०, दिवसाच्या गरजेच्या चौपट. म्हणून मोठ्या मात्रेच्या गोळ्या अनेकांना चालतात. मज्जातंतूंची लक्षणं असतील किंवा ॲनिमिया तीव्र असेल तर मात्र डॉक्टर इंजेक्शननंच सुरुवात करतात, आणि ते योग्यच आहे.

उपचार लागू पडला की अस्थिमज्जेचं रूप दोन दिवसांत पालटायला लागतं. आठवडाभरात रक्तात कोवळ्या पेशींची झुंबड उडते. हिमोग्लोबिन त्यानंतर चढतं आणि जागेवर यायला दोनेक महिने घेतं, कारण जुन्या फुगलेल्या पेशी आपलं उरलेलं आयुष्य जगूनच जातात. बी-१२ सुरू केल्यावर काकूंना माणसात आल्यासारखं वाटलं ते मात्र पाचव्या दिवशी, हिमोग्लोबिन अजून ९.४ असताना. जिभेची आग थांबली होती आणि जेवण गोड लागत होतं. तळपायाच्या मुंग्या अजून आहेत, पण आता फक्त अंगठ्यांना.